कट्ट्यावरचा निळा चौकोन

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

पसंत! एका बैठकीत पसंत! मला वाटलं होतं, दहा चकरा मारायला लावतील.

लातूरहून दालमिलवाले विरूपाक्षशेठ आले होते, सोबत त्यांची आई नागम्माबाई. मिल खरी आईच चालवते, मुलगा नुसत्या सह्या करतो — असं सोमेश म्हणतो. आमच्या स्टुडिओत डिझायनर दोघंच, तो आणि मी. तो निलंग्याकडचा, ह्या शेठचा लांबचा पाहुणा. गिऱ्हाईक त्यानंच आणलं. त्यांच्या तूरडाळीच्या कट्ट्यावर, म्हणजे पोत्यावर, आजवर गुलाब होता. लातुरात गुलाब छाप कट्टे उदंड! म्हणून नवा मार्का पाहिजे.

मी माझा मार्का पडद्यावर लावला. तीन उभी, तीन आडवी, नऊ घरं. काही पिवळी, काही विटकरी — कुठं पूर्ण चौकोन, कुठं पाव वर्तुळ. एक घर मोकळं. आणि उजवीकडं खाली एकच घर निळं. बस्स.

शेठनी मान वाकडी करून बघितलं. मग — "हे कशाचं चित्र हाय म्हणायचं?"

"कशाचंच नाही."

"कशाचंच न्हाई?"

स्टुडिओच्या मालकीण शिल्पाताई सावरून घेणार तेवढ्यात नागम्माबाई उठून पडद्याजवळ गेल्या. निळं घर तळहातानं झाकलं. हात काढला. परत झाकलं. "झाकलं की पिवळं मरतंय बघ विरू. ऱ्हाऊ दे हे."

मी उठून त्यांच्या पायाच पडणार होते! आणि हसताना शिल्पाताईंनी माझा खांदा दाबला. चार वर्षांत पहिल्यांदा.

१८ नोव्हेंबर

बाबांना मुदखेडला फोटो पाठवला. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून त्यांना मोबाईलच सोबती. लगेच फोन.

"निळा आपला म्हणून घातलास का माय?"

"नाही हो बाबा. पिवळ्याशेजारी तोच लागतो. नुसता रंग आहे."

म्हणाले, "बरं. नुसता तर नुसता."

आवाज उतरला होता. मला रागच आला. सगळीकडं तेच का बघायचं यांनी?

२० नोव्हेंबर, गुरुवार

काम संपल्यावर शिल्पाताईंनी परत ती जाडजूड पुस्तकं काढली. आज ठोस कला. मी हे त्यांच्याकडून कितीदा ऐकलंय, तरी दरवेळी अंगावर काटा येतो.

शंभरेक वर्षांपूर्वी युरोपातले काही चित्रकार म्हणाले — पुरे झालं! चित्र म्हणजे कशाचं तरी चित्र, हे पुरे. डोंगर बघायचा आणि तो पुसत पुसत रेघांवर आणायचा, तेही नको. बाहेरचं काही आणूच नका. रेघ ही रेघ, रंग हा रंग. तीच खरी वस्तू, दगडाइतकी खरी. मोजून काढा, आखून काढा. स्वित्झर्लंडात हे वेड चांगलंच रुजलं. आणि तिथं त्यातले काही जण पोटासाठी पोस्टरं, जाहिराती करायचे. मग चित्रातली मापं पोस्टरात उतरली. ग्रिड, म्हणजे आखीव घरं, आली, फुलोरा नसलेली साधी अक्षरं आली, मोकळी जागा आली. आज विमानतळाची पाटी बघा, मोबाईलचा पडदा बघा — मांडणी त्याच घरांवर उभी.

सोमेश म्हणाला, "म्हणजे आपण त्यांचं उसनं खाऊन राहिलो." ताई हसल्या. "सगळं जग खातंय."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. कुणाला सांगितलेलं नाही. एक चौकोन, ज्याला कुणी आडनाव विचारत नाही! अशी जागा जगात आहे हेच मला माहीत नव्हतं.

माझी नवी कार्डं छापून आली. नुसतं 'प्रिया'. ताई म्हणाल्या, 'धम्मप्रिया' त्या मापात बसत नाही, दोन रकाने खातं. मी पट्टीनं मोजलं. खरंच खातं.

२२ नोव्हेंबर

कोचिंग क्लासवाले भुजंग सर आले आणि माझ्या फ्लेक्सची वाट लावून गेले. मोठा आकडा, एक तिरपी पट्टी, बाकी सगळं पांढरं — इतकं झकास झालं होतं!

"मॅडम, पोरांचे फोटो कुठं हायेत?"

"सर, आकडाच बोलतो ना."

"आकडा कशाला बोलतोय? पोराचं तोंड बोलतंय. आन् हे एवढं मोकळं कामून सोडलं? पैसे तर पूर्ण फ्लेक्सचे घेऊन राहिले!"

शेवटी अठ्ठावीस तोंडं चिकटवली. मधे सरांचं, सगळ्यात मोठं. ठोस कलेचा जय हो!

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी शिल्पाताईंनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. दार लावलं म्हणजे काहीतरी आहे.

"लातूरवाल्यांना निळा नको झालाय."

"नको? त्या आजींनीच तर —"

"हो गं. पण आता नको म्हणतायत. मरून रंग घाल तिथं."

"का पण?"

ताईंनी चष्मा काढून पुसला. "का ते तू मला विचारू नकोस, प्रिया. तुलाही कळतंय. मी भांडले तुझ्यासाठी. पण आपण मराठवाड्यात आहोत."

मला कळतंय! काय कळतंय? कळायला लागलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सोमवारी आवडलेला रंग पुढच्या मंगळवारी नकोसा होतो, तो उगीच नाही. मधे कुणीतरी त्यांना सांगितलंय — तो निळा कुणी घातला.

२६ नोव्हेंबर

झोप नाही. एकच प्रश्न. त्यांना सांगितलं कुणी?

बैठकीत मी नुसती प्रिया होते. कार्डावर प्रिया. आडनाव विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आमच्या घरी मुदखेडला आलाय कोण? सोमेश. भिंतीवरची तसबीर बघितलीय कुणी? सोमेशनं. आईनं त्याला आग्रह करकरून जेवू घातलं होतं — "पोरगं बारीक हाय गं." आणि लातूरवाले पाहुणे कुणाचे? सोमेशचे!

आईशप्पथ, मला त्याच्यावर संशय घ्यायचा नाहीये. पण दुसरं कोण उरतं?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ऐकलं! माझ्या कानांनी!

सोमेश जिन्यात उभा राहून फोनवर बोलत होता. कन्नडमध्ये, त्यांच्या घरी तीच बोलतात. एरवी आमच्यासमोर एक शब्द कन्नड काढत नाही. मला एक अक्षर कळत नाही, पण मधेच माझं नाव, आणि मग "नीली, नीली". निळ्याचंच चाललंय हे समजायला भाषा कशाला यावी लागते? मी वर गेले तसा फोन ठेवला. "कुणाचा रे?" म्हटलं. "घरचा."

घरचा! घरचे माझ्या निळ्याची चौकशी करून राहिले होय?

१ डिसेंबर, सोमवार

दुपारी विचारलंच. डबे उघडले होते. तो त्याच्या डब्यातली शेंगाची चटणी रोज माझ्या भाकरीवर ठेवतो, तशी ठेवायला लागला. मी भाकरी मागं ओढली.

"लातूरला काय सांगितलंस तू?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "मी काय सांगणार? तुझं तू ठरवलंस, आन् आता मला कामून विचारतीस?"

माझं मी ठरवलं! ऐका! चोराच्या उलट्या बोंबा! म्हणजे मी ठरवून निळा घातला, मी ठरवून माझ्या जातीचा झेंडा त्यांच्या कट्ट्यावर लावला — हेच ना त्याच्या मनात? मी डबा उचलला आणि माझ्या जागेवर जाऊन खाल्ला.

२ डिसेंबर

एकटीनं जेवले.

७ डिसेंबर, रविवार

काल महापरिनिर्वाण दिन. सुट्टी घेऊन मुदखेडला गेले होते. आईसोबत विहारात बसले. सगळ्या बाया पांढऱ्या साड्यांत, आणि मागं भिंत निळी. एरवी मी कधी लक्षही दिलं नसतं. काल सारखी त्या भिंतीकडंच नजर जात होती. हा तोच निळा का? नाही, माझा जरा गडद आहे. मी डोळ्यांनीच मोजून राहिले होते, वेड्यासारखी.

बाबांनी विचारलं, कट्टे छापून आले का. मी म्हटलं, वेळ आहे. निळा काढला हे सांगितलं नाही. रंग नुसताच असेल तर सांगायला काय झालं होतं? पण जीभ उचलली नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

दोन्ही छापून भिंतीवर शेजारी शेजारी लावले. निळावाला आणि मरूनवाला. लांबून बघितलं, जवळून बघितलं. मरूनमध्ये पिवळा पार शिळ्या वरणासारखा दिसतो. रंगाला रंग शेजारी लागतो, एकटा रंग काही नसतो — हे ताईंनीच शिकवलेलं.

ताईंना बोलावून दाखवलं. म्हटलं, "ताई, मी एकदा शेठशी बोलू का? समजावून सांगते. यात जातीबितीचं काही नाही, पिवळ्याला उठाव पाहिजे म्हणून —"

"अजिबात नाही. गिऱ्हाइकाशी मी बोलते. आपल्याकडे तसंच ठरलंय."

"मग तुम्ही सांगा ना. रंग म्हणजे रंग, तुम्हीच तर म्हणता."

ताईंनी दोन्ही कागदांकडं बघितलं. लगेच मान वळवली. "ते झुरिचमध्ये, राणी. इथं बाजारात कट्टा विकायचाय. मला तुझी काळजी वाटते म्हणून म्हणते, सोड."

किती माया करतात! आणि बिचाऱ्या माझ्यापायी गिऱ्हाइकाशी भांडल्या. मी उगीच त्यांना पिडते. पीडा त्यांना नाही, दुसऱ्याला द्यायला पाहिजे.

१२ डिसेंबर

सोमेश आज ताईंच्या केबिनमध्ये होता. दार लावलेलं. बाहेर आला तेव्हा चेहरा लाल. माझ्याकडं बघून काहीतरी बोलणार होता, मी हेडफोन चढवला.

चुगली करून आला असणार. दुसरं काय!

१६ डिसेंबर, मंगळवार

शुक्रवारी वेळ अमावस्या. त्यांच्या भाषेत येळवस. त्या दिवशी म्हणे लातूर-निलंग्याकडं गावात चिटपाखरू राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, पांडवांची पूजा, पालेभाज्या-डाळींची भज्जी, आंबील, आल्या-गेल्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. सोमेश दरवर्षी बोलावतो. दरवर्षी मी म्हणते, पुढच्या साली.

आज माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "औंदा तरी ये. आई म्हणून राहिली, तुझ्या मैतरणीला आण. तिकडं निवांत बोलू. मला तुला एक विचारायचं हाय."

आणि माझं टाळकं सटकलं. सगळं ऑफिस ऐकेल अशा आवाजात म्हटलं, "आधी तुझ्या पाहुण्यांना विचार, मला शेतात येऊ देतात का! का तिथं पण कुणाचा रंग लागतो?"

तो पांढराफटक पडला. बॅग उचलून खाली गेला.

बरं वाटलं. खरंच सांगते, खूप बरं वाटलं. घरी येईपर्यंत.

२२ डिसेंबर, सोमवार

सोमेश येळवसीहून आला. माझ्या टेबलावर एक डबा. भज्जी असणार, वास येत होता. कुणी ठेवला ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत तसाच. शिपायानं नेला.

२६ डिसेंबर

सोमेशनं नोकरी सोडली! लातूरला छपाईवाल्याकडं लागतोय म्हणे. ताई म्हणाल्या, "बरं झालं. डोक्याला ताप होता." मी मान हलवली.

जाताना त्यानं माझी पट्टी परत केली, ती त्याच्याकडं कधीची होती. म्हणाला, "तुझा निळा चांगला होता. तसा कुणाला जमत न्हाई." आणि गेला.

हे असं का बोलला? चोर असा बोलतो का? का जाता जाता मीठ चोळलं? मला काही कळेनासं झालंय. जिन्यातला फोन मी ऐकलाय. नाव ऐकलंय, रंग ऐकलाय. मी खोटी नाही.

३० डिसेंबर

दुसरी खुर्ची रिकामी. ऑफिसात नुसता एसीचा आवाज.

५ जानेवारी २०२६, सोमवार

छापलेल्या कट्ट्याचा नमुना आला. मरून. जमिनीवर अंथरून बघितला. मेलेला आहे, साफ मेलेला. खाली कोपऱ्यात स्टुडिओचं नाव, म्हणजे माझीच करणी म्हणून बाजारात फिरणार.

नवी तूर मिलवर यायला लागलीय. परवा, बुधवारी, पहिल्या कट्ट्याची पूजा. नव्या मार्क्याचा पहिला कट्टा भरला की हळद-कुंकू लावून नारळ फोडतात, ज्यानं मार्का काढला त्याला टोपी-टॉवेल देतात. शेठचं बोलावणं आलं होतं, ताईंच्या टेबलावर पत्रिका मीच पाहिली. ताई म्हणाल्या, "कुणी जायची गरज नाही. मी कळवते बिझी आहोत म्हणून."

मी जाणार. ताईंना सांगितलं, आईला दवाखान्यात न्यायचंय. सकाळची लातूर बस. त्या शेठच्या तोंडावर विचारणार — रंगात काय खोट होती? का माझ्यात होती? एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचंच. हाकललं तर हाकललं. निदान कळेल तरी, कुणी माझ्या नावाची दवंडी पिटली ते.

आरशासमोर बोलून बघितलं. "माझं पूर्ण नाव धम्मप्रिया निवृत्ती —" इथपर्यंत येते आणि आवाज फाटतो. परत म्हटलं. परत फाटला.

७ जानेवारी, बुधवार. लातूर, बसस्टँडवर

मिलवर मी तोंड उघडायच्या आधी नागम्माबाईंनी माझे दोन्ही हात धरले. "आलीस व्हय! राग तर न्हाई ना आमच्यावर? तुझ्या मॅडमचा फोन आला — पोरीलाच नको वाटून राहिलं म्हणल्या, तिच्या लोकांचा रंग हाय, कट्ट्यावर हमालांचे पाय पडत्यात. मग आम्ही मान ठेवला माय. मन नव्हतं काढायला." शेठ मागून म्हणाले, "सोमेश तर लई भांडला फोनवर, निळा ऱ्हाऊ द्या म्हणून. मी म्हणलं, बाबा, तिनंच नको म्हणलंय."

शिल्पाताई!

तिथंच डाळीच्या ढिगाशी बसले. सोमेश याच गावात आहे आणि त्याच्यासमोर जायला मला तोंड नाही.

म्हातारीनं पाणी दिलं. "मग पुढल्या छपाईत निळा घालावं का न्हाई? तू सांग. तुझं मन दुखवून न्हाई करायचं."

रंग नुसता रंग असतो, तेवढं सांगायला मी इतक्या लांब आले होते. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"घाला आजी. आमचाच आहे तो."

"घालू की मग," त्या म्हणाल्या, आणि नारळ माझ्या हातात दिला.